एरर आली नाही, तरी उत्तर चुकलेलं: डेटाबेसवर काम करताना या चुका टाळा

जानेवारीच्या दोन तारखेला सकाळीच एका हॉटेलच्या अकाउंटंटचा फोन आला. "डिसेंबरचा रिपोर्ट कमी दाखवतोय, आणि थोडाथोडका नव्हे." गोव्यात किनाऱ्यावर हॉटेल चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ३१ डिसेंबरच्या रात्रीचा गल्ला म्हणजे काय असतो ते. आमच्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमधून नेमकी तीच रात्र गायब होती. सर्व्हर चालू, लॉग स्वच्छ, कुठेही तक्रार नाही.

एरर देणारी चूक आपण चहा थंड व्हायच्या आत पकडतो. घात होतो तो निमूटपणे चुकीचं उत्तर देणाऱ्या क्वेरीमुळे, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नामुळे. त्या प्रकारच्या चुका इथे सांगतो आहे, कारण टीममध्ये येणारी नवी मुलं हुशार असूनही याच ठिकाणी अडखळतात, आणि कॉलेजात हे सहसा कुणी शिकवत नाही.

तारीख कुठे संपते?

आमच्या क्वेरीत "बिट्वीन १ डिसेंबर अँड ३१ डिसेंबर" असं होतं. वाचायला अगदी बरोबर. पण कॉलममध्ये तारखेसोबत वेळही होती. अशा कॉलमशी नुसती तारीख ताडून पाहिली, की डेटाबेस तिची वेळ ००:०० धरतो. म्हणजे ३१ तारीख सुरू झाली त्या क्षणाला आमचा महिना संपत होता आणि पुढचे चोवीस तास बाहेर राहत होते. ही क्वेरी मे महिन्यापासून चालू होती. दर महिन्याचा शेवटचा दिवस असाच गळत होता, पण ३० जूनला पाऊस कोसळत असतो, निम्म्या खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा कुणाला फरक जाणवला नाही.

उपाय सोपा आहे. बिट्वीन सोडा. १ डिसेंबर किंवा त्यानंतर, आणि १ जानेवारीच्या आधी, अशा दोन अटी लिहा. महिना तीसचा की एकतीसचा, हा प्रश्नच उरत नाही.

एवढं दुरुस्त करूनही रोजचे आकडे जुळेनात. सर्व्हर क्लाउडवर, त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपण साडेपाच तास पुढे. त्यामुळे १ जानेवारीला पहाटे साडेपाचपर्यंत फाडलेली बिलं सर्व्हरच्या हिशेबाने ३१ डिसेंबरची. इथे दोन खड्डे लक्षात ठेवा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाइमझोन बदलणाऱ्या कन्व्हर्ट-टीझेडला "एशिया/कोलकाता" हे नाव दिलं आणि टाइमझोनची टेबलं भरलेली नसली, तर ते गुपचूप नल, म्हणजे "किंमत माहीत नाही", परत करतं. तिथे "+०५:३०" चालतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये उलट आहे. "ॲट टाइम झोन"पुढे "+०५:३०" लिहिलं, तर ते पॉसिक्स या युनिक्सच्या मानकाच्या रीतीने वाचलं जातं, अधिक चिन्ह पश्चिमेकडचं धरलं जातं आणि वेळ पुढे जायच्या ऐवजी साडेपाच तास मागे जाते. तिथे नावच द्या.

यातली सगळ्यात मोठी चूक मात्र कोडमधली नव्हती. हॉटेलचा दिवस मुळात मध्यरात्री संपतच नाही. नाइट ऑडिट, म्हणजे रात्री दिवसाचा हिशेब बंद करण्याचं काम, होतं तेव्हा संपतो. रात्री दोनचं बारचं बिल आदल्या दिवसाच्या हिशेबात जातं. हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आता बिलाच्या टेबलात प्रत्यक्ष वेळेशेजारी बिझनेस डेटचा, म्हणजे बिल ज्या दिवसाच्या हिशेबात जातं त्या तारखेचा, वेगळा कॉलम आहे, आणि नवीन ग्राहकाकडे गेल्यावर "तुमचा दिवस किती वाजता संपतो?" हे आमच्या पहिल्या काही प्रश्नांत असतं.

नावं, गावं आणि एक छोटा अपॉस्ट्रॉफी

डिसोझा, डिमेलो, डिकॉस्टा. रोमन लिपीत ही आडनावं लिहिताना बरेच जण "डी"नंतर अपॉस्ट्रॉफी देतात. एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेत, तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण आहे. क्वेरी जर मजकुराचे तुकडे जोडून बनवली असेल, तर गोव्यात ती पहिल्याच आठवड्यात फुटते. फुटली तर नशीब म्हणा, कारण याच फटीतून कुणीही आपली क्वेरी आत घुसवू शकतो. त्यावर काही जण अपॉस्ट्रॉफी काढून टाकण्याचा तोडगा करतात. तसं करू नका. माणसाचं नाव त्याने लिहिलं तसंच राहायला हवं. पॅरामीटर वापरा, म्हणजे क्वेरीत फक्त जागा ठेवून मूल्य वेगळं पाठवा, आणि हा नियम एका ओळीच्या स्क्रिप्टलाही लावा. एवढं करूनही एक गोष्ट उरते. मोबाइलचे काही कीबोर्ड सरळ अपॉस्ट्रॉफीच्या जागी वळणदार टाकतात. क्वेरी फुटत नाही, फक्त माणूस सापडत नाही. शोधण्यासाठी एकसारखं केलेलं नाव वेगळ्या कॉलममध्ये ठेवणं हा त्यावरचा इलाज.

गावांचंही तेच. पणजी, पंजिम, पोणजी. डिचोली आणि बिचोलिम. केपे आणि क्वेपेम. काणकोण आणि कानाकोना. एका टेबलात एक रूप, दुसऱ्यात दुसरं, आणि कुणीतरी गावाच्या नावावर इनर जॉइन केला, म्हणजे फक्त जुळणाऱ्या ओळी जोडल्या, की न जुळलेल्या ओळी आवाज न करता गळतात. गावाला कोड द्या, जॉइन कोडवर करा. बाहेरून आलेली फाइल असेल, तर आधी लेफ्ट जॉइन (यात न जुळलेल्या ओळीही राहतात) करून किती ओळींना जोडीदार मिळाला नाही ते मोजा. तो आकडा शून्य असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

देवनागरीत नावं साठवत असाल तर हे नक्की वाचा. "गोऱ्हे" हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. एकात ऱ हे वेगळं अक्षर, मग हलंत, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलंत, न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, मग ह. पडद्यावर दोन्ही सारखीच. बाइट बघणाऱ्या तुलनेत मात्र दोन वेगळी माणसं. एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन हे दोन्ही एक करत नाही. आणि न दिसणारं अक्षर सरसकट उडवलं तर "गोर्हे" उरतं, जे चूकच आहे. साठवतानाच दुसऱ्या प्रकारचा क्रम ओळखून पहिल्यात बदला. वऱ्हाडापासून सत्तरीपर्यंत कुठल्याही मराठी यादीत हा प्रश्न येतो, आणि बाहेरून आणलेली लायब्ररी तो आपल्यासाठी सोडवेल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

रिकामी यादी म्हणजे थकबाकी नाही?

एका संस्थेच्या थकबाकीदारांची यादी काढायची होती. "ज्या सभासदांचा क्रमांक भरणा टेबलात नॉट इन" (म्हणजे नाही) अशी क्वेरी. उत्तर शून्य. सगळे खूश, सगळ्यांनी पैसे भरले! प्रत्यक्षात भरणा टेबलात एका रोख पावतीवर सभासद क्रमांक टाकायचा राहिला होता, तिथे नल होता. यादीत एक जरी नल असला तरी नॉट इनचं उत्तर "खरं" असं कधीच येत नाही, कारण अज्ञात किमतीपेक्षा आपला क्रमांक वेगळा आहे हे डेटाबेस ठामपणे सांगू शकत नाही. नॉट एक्झिस्ट्स वापरा. आणि जिथे किंमत असायलाच हवी तिथे कॉलम नॉट नल ठेवा, म्हणजे तो रिकामा राहूच शकणार नाही.

पैसे फ्लोटमध्ये (यात अपूर्णांक अंदाजे साठतात) ठेवू नका, डेसिमलमध्ये ठेवा. ०.१ आणि ०.२ फ्लोटमध्ये मिळवून बघितलेत तर कारण लगेच कळेल.

एक खोली, दोन पाहुणे

आधी खोली रिकामी आहे का बघायचं, मग बुकिंग टाकायचं, असं कोड बहुतेक ठिकाणी असतं. टेस्टिंगमध्ये ते चालतं, कारण टेस्ट करणारा एकटा असतो. सीझनमध्ये वेबसाइटवरचा पाहुणा आणि रिसेप्शनवरची मुलगी एकाच क्षणी "रिकामी" हे उत्तर वाचतात, आणि दोघांची बुकिंग होतात. ॲप्लिकेशनमध्ये कितीही तपासण्या लिहा, शेवटचा शब्द डेटाबेसचा हवा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट हा टेबलावर लावायचा नियम आहे. खोलीचा क्रमांक तोच आणि तारखांची रेंज एकमेकींवर येत असेल, तर दुसरी ओळ आत येतच नाही. रेंजची सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा, म्हणजे सकाळी एक पाहुणा निघाला की दुपारी दुसरा येऊ शकतो. क्रमांकाची बरोबरी त्याच कन्स्ट्रेंटमध्ये तपासायला बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन लागतं.

प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू डेटाबेसवर, हात घालताना

अपडेटची क्वेरी दोन ओळींची आहे, व्हेअर (म्हणजे अट) दुसऱ्या ओळीवर आहे, आणि माउसने फक्त पहिली ओळ सिलेक्ट करून रन दाबलं, की टेबलातल्या सगळ्याच ओळी बदलतात. हे चांगल्या माणसांच्या हातून होतं. म्हणून आधी त्याच अटीचं सिलेक्ट चालवून ओळी मोजा. मग बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू), मग अपडेट, मग आकडा तोच आहे का बघा, आणि तेव्हाच कमिट (बदल पक्का). आकडा वेगळा आला तर रोलबॅक (बदल रद्द). बिगिन करून जेवायला मात्र उठू नका. उघड्या ट्रान्झॅक्शनने धरलेल्या ओळींसाठी तिकडे काउंटरवरचा माणूस गोल फिरणारं चक्र बघत बसतो. सिस्टीम अचानक अडकली तर पोस्टग्रेसमध्ये पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीत, म्हणजे चालू जोडण्यांच्या यादीत, आधी "आयडल इन ट्रान्झॅक्शन" (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसलेलं) शोधा. आणखी एक. क्वेरी कशी चालेल ते सांगणारं नुसतं एक्सप्लेन ती चालवत नाही, पण एक्सप्लेन ॲनालाइझ खरोखर चालवतं. डिलीटपुढे ते लावलंत, तर वेळ कळतो आणि डेटाही जातो.

बॅकअप असतो, रिस्टोअर होत नाही

३१ जानेवारी २०१७ रोजी कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरची डेटा डिरेक्टरी पुसली गेली. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर तो बनतच नव्हता. बॅकअप घेणाऱ्या पीजी-डम्प या प्रोग्रामची आवृत्ती सर्व्हरच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, आणि बॅकअप फसल्याच्या ईमेल कुणापर्यंत पोहोचत नव्हत्या. सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाती होती, तिच्यावर निभावलं. मधल्या तासांचा डेटा गेला. हे सगळं त्यांनी स्वतः उघडपणे लिहून ठेवलं आहे, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आमच्याकडे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, ऑफिस ओस पडतं, जो तो आपापल्या गावच्या घरी. शिवाय पावसाचे दिवस, वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून चवथीच्या आदल्या आठवड्यात आम्ही शेवटचा बॅकअप एका कोऱ्या मशीनवर चढवतो. प्रत्येक मोठ्या टेबलाच्या ओळी मोजतो, शेवटच्या बिलाचा नंबर ताडून बघतो, आणि किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहून ठेवतो. पहिल्या वर्षी रिस्टोअर अर्ध्यात फसलं. नव्या मशीनवर जोड एक्स्टेन्शनांचं पोस्टग्रेसचं कॉन्ट्रिब पॅकेज नव्हतं, त्यामुळे बीट्री-जिस्ट नव्हतं, आणि बुकिंगच्या टेबलावरचं कन्स्ट्रेंट लागेना. "आधी कॉन्ट्रिब टाका" ही आता आमच्या रिस्टोअरच्या कागदावरची पहिली ओळ आहे. तो कागद छापून सर्व्हरच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवला आहे, कारण वीज गेली की ऑफिसचं विकी उघडत नाही.