हायस्कूल बेसबॉलमधून कॉलेजच्या संघात जाताना या चुका टाळा

अमेरिकेत मुलगा हायस्कूलच्या बेसबॉल संघात चमकायला लागला की घरात कॉलेजचा विषय निघतो. मुंबई-पुण्यात क्रिकेट बघत वाढलेल्या आईवडिलांच्या डोक्यात निवडीचं एक चित्र असतं: असोसिएशन चाचणी घेते, निवड समिती बसते, यादी लागते. इथे अशी यादी कुठेच लागत नाही. कॉलेज खेळांची मुख्य संघटना एनसीएए; तिच्या एकट्या डिव्हिजन वन या सर्वात वरच्या पातळीत सुमारे ३०० संघ आहेत. डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री, एनएआयए ही वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं धरली तर हजाराच्या वर जातात, आणि प्रत्येक ठिकाणचा कोच आपली निवड आपणच करतो. यादी लागत नाही म्हटल्यावर पालक धास्तावतात आणि मुलगा तयार व्हायच्या आतच त्याला दाखवायला निघतात. पुढच्या बऱ्याच चुका या घाईतूनच होतात.

समोर कोण बसलंय हे न ओळखणं

बॅकस्टॉपमागे (बॅटरच्या पाठीमागच्या जाळीमागे) वेग मोजणारी रडार गन घेऊन बसलेला प्रत्येक माणूस स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा, नसतो, आणि प्रत्येक स्काउट कॉलेजचा नसतो. कॉलेजसाठी खेळाडू शोधण्याचं काम बहुतेक ठिकाणी एक असिस्टंट कोच करतो. तोच रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर. त्यामुळे फक्त हेड कोचला ईमेल टाकून उत्तराची वाट बघत बसू नका, दोघांनाही लिहा. मेजर लीग या व्यावसायिक लीगच्या क्लबचा एरिया स्काउट वेगळा. त्याच्याकडे एखाददुसरं राज्य किंवा त्याचा भाग असतो. त्याने अहवाल पाठवला की क्रॉसचेकर येऊन पुन्हा बघतो आणि शेवटचा निर्णय स्काउटिंग डायरेक्टरकडे जातो. त्यांचं मोजमाप २० ते ८० च्या पट्टीवर चालतं आणि ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. हायस्कूलच्या मुलाला आज ३० मिळाले म्हणून घाबरू नये, कारण स्काउट आजचा आकडा आणि पुढे होऊ शकेल तो आकडा असे दोन्ही लिहितो.

२०२१ पासून मेजर लीगचा ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) कमी होऊन २० फेऱ्यांचा झाला आहे. त्यामुळे हायस्कूलच्या बहुतांश मुलांसाठी खरा रस्ता कॉलेजचाच आहे. शिवाय ड्राफ्टमधली फेरी म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे. आईकडून भारतीय वंशाचा असलेला कुमार रॉकर २०१८ मध्ये जॉर्जियातल्या हायस्कूलमधून निघाला तेव्हा कोलोरॅडो रॉकीजने त्याला थेट ३८ व्या फेरीत घेतलं, कारण तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी त्याने ड्यूक विद्यापीठाविरुद्ध १९ स्ट्राइकआउटांचा नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकला आणि २०२२ मध्ये टेक्सस रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं.

आकडे न बघता कॉलेजांची यादी करणं

घरात ज्या कॉलेजांची नावं माहीत असतात त्यांचीच यादी होते, आणि ती नावं नेमकी मोठ्या कॉन्फरन्समधली (कॉलेज संघांच्या बड्या गटांमधली) असतात. आधी मुलाची मापं घ्या. उजव्या हाताच्या पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) फास्टबॉल ताशी ८०-८२ मैलांवर असेल तर मोठ्या कॉन्फरन्सचा कोच सहसा उत्तर देणार नाही. तिथे साधारण ८८-९० पासून पुढे बोलणं सुरू होतं. डिव्हिजन थ्रीच्या अनेक संघांना मात्र ८२ मैलांवर स्ट्राइक टाकणारा, अभ्यासात चांगला मुलगा हवा असतो. आउटफिल्डरने (लांबच्या क्षेत्ररक्षकाने) ६० यार्ड साधारण ६.८ सेकंदांत धावावं अशी डिव्हिजन वनची अपेक्षा असते. कॅचरसाठी (बॅटरमागे बसून चेंडू पकडणाऱ्यासाठी) पॉप टाइम बघतात, म्हणजे चेंडू त्याच्या मिटमध्ये पडल्यापासून सेकंड बेसवरच्या हातमोज्यात पोचेपर्यंतचा वेळ. अंतर १२७ फूट ३ इंच, आणि २.० सेकंद झाला तर मोठ्या संघाचा कोच मान वर करून बघतो.

मोजणी हातातल्या घड्याळावर झाली की लेझरवर, हेही विचारा. हातातलं घड्याळ बहुधा वेळ कमी दाखवतं. त्या आकड्यावर विसंबून ईमेल गेला आणि कॉलेजच्या कॅम्पला लेझरवर वेळ वाढला, तर कोचचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. ६० यार्डांत वेळ वाया जाण्याची दोन ठरलेली कारणं आहेत. मुलं स्प्रिंटसारखी समोर तोंड करून उभी राहतात. इथे फर्स्ट बेसवरून लीड घेतल्यासारखं आडवं उभं राहून पहिलं पाऊल आडवं टाकायचं असतं. दुसरं, रेषेच्या तीन-चार पावलं आधीच वेग ढिला पडतो. रेषेच्या पुढे दहा यार्डांवर खुणेचा शंकू ठेवून तिथपर्यंत धावायचा सराव करावा.

शोकेसचा मारा

परफेक्ट गेम, प्रेप बेसबॉल यांच्यासारख्या संस्थांचे शोकेस (फी भरून खेळ दाखवायचे आणि मोजणी करून घ्यायचे मेळावे) उपयोगाचे असतात, कारण तिथे नोंदलेले आकडे कोच बघतात. पण एकदा नोंदलेला वाईट आकडाही तिथेच राहतो. नववीतल्या, अजून उंची वाढत असलेल्या मुलाला शेकडो डॉलर भरून शोकेसला नेलं तर हाती बहुधा एक कमजोर आकडाच लागतो. ते पैसे वर्षभराच्या ताकदीच्या व्यायामात आणि खाण्यात घाला. शोकेसला जायची वेळ आली हे ओळखायची साधी खूण आहे: घरच्या मोजणीतले आकडे तुम्ही यादीत घातलेल्या कॉलेजांच्या सध्याच्या खेळाडूंच्या जवळ आलेले असले पाहिजेत.

शोकेसबाहेर, साध्या सामन्यात काय बघितलं जातं याकडे घरच्यांचं लक्ष नसतं. स्काउट सामन्याच्या बराच आधी येतो, कारण सामन्यात शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) कदाचित एकही चेंडू जाणार नाही. सामन्याआधीच्या इनफिल्ड सरावात तो सात-आठ तरी पकडतो. फटका मारल्यापासून फर्स्ट बेसवर पाय पडेपर्यंत घड्याळ चालू असतं. उजव्या हाताच्या बॅटरला ४.३ सेकंद आणि डाव्याला ४.२ ही मेजर लीगची सरासरी. जमिनीवरून गेलेल्या सोप्या फटक्यावर (ग्राउंडरवर) ‘आउटच आहे’ म्हणून मुलगा रमतगमत धावला तर वहीत त्या धावेची वेळच लागत नाही, आणि त्या दिवशी दुसरी संधी येईलच असं नाही. स्ट्राइकआउटनंतर हेल्मेट आपटणं, चुकलेल्या सहकाऱ्याकडे हात पसरून बघणं, हे सगळं टिपलं जातं. बॅकस्टॉपमागून ‘एल्बो वर घे’ म्हणून ओरडणारे बाबाही टिपले जातात. कोचला चार वर्षं त्या कुटुंबाशी निभवायचं असतं.

हाताचा हिशोब कोणीच न ठेवणं

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि ती बहुतेक वेळा चांगल्या पिचरच्याच वाट्याला येते. गुरुवारी हायस्कूलचा सामना, शनिवारी ट्रॅव्हल संघाचा (शाळेबाहेरच्या क्लब संघाचा), रविवारी शोकेस. हायस्कूलचा कोच आपल्या पिचचा (टाकलेल्या चेंडूंचा) हिशोब ठेवतो, ट्रॅव्हलचा आपला. दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर असतात, पण हात एकच आहे. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये काढलेल्या पिच स्मार्ट मार्गदर्शिकेप्रमाणे १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच टाकावेत, १७-१८ च्या मुलाने १०५. विश्रांतीचं गणित १५-१६ साठी असं: ३० पर्यंत विश्रांतीचा दिवस लागत नाही, ३१ ते ४५ झाले तर एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन आणि ७६ च्या पुढे चार दिवस. वर्षात किमान चार महिने पिचिंग बंद, आणि त्यातले दोन-तीन महिने सलग कुठलीच ओव्हरहेड फेक नको. पिचर सामन्यातून बाहेर आला की त्याला कॅचर म्हणून बसवू नये, कारण कॅचरही दर पिचला चेंडू परत फेकत असतो.

म्हणून वही घरी ठेवा. तारीख, संघ, पिच, वॉर्मअपमधल्या जोराच्या फेकी आणि दुसऱ्या दिवशी कोपर-खांदा कसा आहे, एवढे पाच रकाने पुरे. दोन्ही कोचना ती वही दाखवायचं काम मुलाचं नाही, पालकांचं आहे. मुलगा ‘दुखत नाही’ असंच सांगेल, कारण त्याला खेळायचं असतं. कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं, चेंडू सारखा उंच सुटणं, वेग अचानक दोन-तीन मैलांनी घसरणं, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी फेकणं बंद आणि स्पोर्ट्स मेडिसिनचा डॉक्टर.

एक खास सापळा जानेवारीतल्या बंदिस्त शोकेसचा. दोन महिने हात विश्रांतीत असतो आणि तिथे जाऊन मुलगा पहिल्याच पिचला रडारसाठी जीव तोडून फेकतो. आधी सहा ते आठ आठवडे अंतर आणि जोर हळूहळू वाढवत नेला नसेल तर त्या शोकेसला जाऊ नका. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर प्रसिद्ध केलेल्या अहवालातही वेगामागे धावणं हे मोठं कारण मांडलं आहे, आणि ते शाळकरी वयापर्यंत खाली आलं आहे.

न वाचले जाणारे ईमेल, न उघडणारे व्हिडिओ

विषयाच्या ओळीतच हायस्कूल संपण्याचं वर्ष, मैदानावरची जागा, कुठल्या हाताने फेकतो आणि बॅट करतो, शहर-राज्य, जीपीए (गुणांची सरासरी) आणि एक ठळक आकडा द्या. आत पाच-सहा ओळी: याच कॉलेजला का लिहितोय, येत्या सामन्यांचं वेळापत्रक मैदानाच्या क्रमांकासह, हायस्कूल आणि ट्रॅव्हल कोचचे फोन नंबर, व्हिडिओची लिंक. आईबाबांनी मुलाच्या नावाने लिहिलेलं पत्र कोचला दुसऱ्या वाक्यात कळतं. कॉपी-पेस्ट करताना आधीच्या कॉलेजचं नाव तसंच राहणं ही इतकी नेहमीची चूक आहे की पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचायची सवयच लावा.

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा, गाणं नको, नावाची पाटी पाच सेकंद. सगळ्यात चांगलं पहिल्या पंधरा सेकंदांत. बॅटिंग बॅटरच्या छातीच्या बाजूने आणि मागून, अशा दोन कोनांतून. पिचरचा व्हिडिओ होम प्लेटमागून आणि बाजूने, जमल्यास रडारचा आकडा दिसेल असा. यूट्यूबवर लिंक ‘अनलिस्टेड’ ठेवा, ‘प्रायव्हेट’ नको. प्रायव्हेट ठेवली तर कोचला काहीच दिसत नाही, आणि तो ते कळवत बसत नाही. पाठवण्याआधी लॉगिन नसलेल्या फोनवर उघडून बघा.

उत्तर आलं नाही, आणि उत्तर आलं

डिव्हिजन वनचा कोच मुलाच्या अकरावीआधीच्या १ ऑगस्टपर्यंत रिक्रूटिंगबद्दल त्याच्याशी बोलू शकत नाही. मुलगा मात्र त्याला लिहू शकतो. दहावीतल्या ईमेलला उत्तर नाही म्हणजे नकार, असं समजू नका.

उलट, कॅम्पचं आमंत्रण आलं म्हणजे कॉलेजला मुलगा हवाय असंही नाही. ती पत्रं हजारोंनी जातात आणि कॅम्पची फी कॉलेजच्या संघाला हवी असते. खरा रस असेल तर कोच गुणपत्रिका मागतो, हायस्कूल कोचला फोन करतो, सामना बघायला येतो. कॅम्पला पैसे भरण्याआधी मुलाने सरळ विचारावं: माझ्या वर्षात या जागेसाठी तुम्ही अजून मुलं घेताय का, आणि त्यात मी आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे वाचले.

गुण, व्हिसा आणि सही

डिव्हिजन वनला हायस्कूलचे १६ कोअर कोर्स (मान्य मुख्य विषय) आणि त्यांत २.३ जीपीए लागतो. त्यातले १० कोर्स बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्या दहांतले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. ते दहा एकदा मोजले की पुन्हा घेऊन गुण सुधारता येत नाहीत, म्हणून दहावीतच काउन्सेलरबरोबर बसून शाळेची मान्य कोर्सची यादी तपासा. मुलगा भारतातून मधेच आला असेल तर नववीपासूनच्या गुणपत्रिका आणि दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र जपून ठेवा. खेळाडूची पात्रता तपासणारं एनसीएएचं एलिजिबिलिटी सेंटर ते मागतं.

पैशाबद्दलचे गैरसमज फार आहेत. जुन्या नियमात डिव्हिजन वनच्या संघाला ११.७ शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या बऱ्याच जणांत वाटल्या जात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सरासरी निम्म्याहून कमी. २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेला हाउस करार (खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यातली तडजोड) स्वीकारलेल्या कॉलेजांत ती मर्यादा गेली, पण संघ ३४ जणांवर आला. ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) २१-२२ वर्षांचे अनुभवी खेळाडूही याच जागांसाठी येतात, त्यामुळे ‘आधी वॉक-ऑन (शिष्यवृत्तीविना) म्हणून जाऊ, मग बघू’ हा बेत आता पूर्वीपेक्षा कच्चा आहे. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीग खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तिथे अभ्यास आणि घरची गरज बघून मदत मिळते. घर एच-४ व्हिसावर असेल तर हे आधीच तपासा: फेडरल मदत मिळत नाही, राज्यातली सवलतीची फी राज्याराज्यात वेगळी, आणि एनआयएलचे (खेळाडूचं नाव-छबी वापरण्याबद्दल मिळणारे) पैसे घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारलंच पाहिजे.

तोंडी कमिटमेंट दोन्ही बाजूंना मोडता येते. नॅशनल लेटर ऑफ इन्टेंट हे कॉलेजशी बांधून घेणारं पत्र २०२४ मध्ये बंद झालं, आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर. सही करण्याआधी रक्कम एका वर्षासाठी आहे की चार, दुखापत झाली तर काय, हेड कोच सोडून गेला तर काय आणि मुलाच्या जागेवर आत्ता किती जण कुठल्या वर्षात आहेत, ही चारही उत्तरं लेखी मागून घ्या.