सकुराजिमाची राख पडल्यावर घर कसं साफ करावं

जपानमधल्या कागोशिमा शहरासमोर, खाडीपलीकडे जेमतेम चार किलोमीटरवर सकुराजिमा हा जागृत ज्वालामुखी आहे. उन्हाळ्यात पूर्वेचा वारा सुटला की त्याची राख थेट शहरावर येते. नव्याने राहायला आलेले लोक चुलीतली राख समजून तिच्यावर झाडू मारतात, नाहीतर पाइप लावतात. पण हा दगडाचा आणि काचेचा भुगा असतो. तो पाण्यात विरघळत नाही. कोरडा असला की उडतो आणि फार भिजला की जड होऊन सिमेंटसारखा बसतो. त्यामुळे पाणी किती वापरायचं हेच इथे सर्वांत महत्त्वाचं.

जपानी हवामान खात्याचा राखेचा अंदाज रोज पाहा. त्यात १ मिमी किंवा जास्त राख ‘खूप’ धरतात. तसं असेल तर बाहेर पडू नका. वाळत घातलेले कपडे आत घ्या, खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट पंखा बंद करा, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा.

राख थांबल्यावरच साफसफाईला लागा. एन-९५ मास्क आणि बंद गॉगल घाला. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. कण लेन्सखाली अडकले तर बुबुळावर ओरखडे येतात. लहान मुलांच्या चेहऱ्यावर मास्क नीट बसत नाही, त्यांना घरातच ठेवा.

सुरुवात वरून करा. आधी पन्हळीचा खाली उतरणारा पाइप सोडवा, नाहीतर राख त्याच्या वळणात जाऊन घट्ट बसते. मग झारीने हलकासा शिडकावा करा, धूळ उडायची थांबेल इतकाच, आणि फावड्याने किंवा सुपलीने राख भरा. कागोशिमात थर सहसा मिलिमीटरभराचाच असतो. पण १० सेंमी कोरडी राखसुद्धा दर चौरस मीटरला ४० ते ७० किलो भरते, भिजली की शंभराच्या वर जाते. फिलिपिन्समध्ये १९९१ साली पिनाटुबोची राख वादळी पावसात भिजली आणि छपरं कोसळून अनेकांचा जीव गेला. छपरावर एकट्याने कधीही चढू नका. अशा साफसफाईत घसरून माणसं दगावतात.

मीटर आणि विजेच्या जोडण्यांवर पाणी मारू नका, कारण ओल्या राखेतून वीज वाहते.

गाडीच्या काचेला मात्र पाणी सढळ हाताने ओता. कोरडा वायपर एकदा फिरला तरी काचेवर कमानीसारखे ओरखडे उमटतात, आणि ते जात नाहीत. घरातही हाच नियम: टेबल, टीव्ही, चष्मा कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी व्हॅक्यूम फिरवा, मग ओलं फडकं नुसतं टिपा. फडकं सारखं खळबळून घ्या, पण ते पाणी मोरीत ओतू नका. बादलीत राख खाली बसू द्या, वरचं पाणी ओता आणि गाळ पिशवीत भरा.

राखेसाठी कागोशिमा महापालिका पिवळ्या पिशव्या देते. त्या अर्ध्याच भरा, नाहीतर उचलताना फाटतात. तोंड बांधून त्या राखेसाठी ठरवलेल्या जागीच ठेवा, रोजच्या कचऱ्यात मिसळू नका.