कुत्र्याचा आगाऊपणा: ओळख आणि आवर

आमच्या साताऱ्यात पाहुणा कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आला की माणसांआधी कुत्रा पुढे होतो. तो अंगावर उडी घेतो, गुडघ्यावर पंजा टाकतो, नाकाने ढुशी देतो, कधी उंबऱ्यातच आडवा उभा राहतो. कुत्रा घरावर सत्ता गाजवू पाहतो, असा याचा अर्थ लावला जातो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांच्या वर्चस्वाच्या भांडणांवर केलेल्या अभ्यासातून ही समजूत पसरली. पण रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि पिल्ले यांचे कुटुंबच असते, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये मांडले. त्यामुळे मालकी दाखवायला कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरणे निरर्थक आहे आणि चावा ओढवून घेणारेही आहे.

आधी त्याचे अंग पाहावे. अंग सैल, तोंड किंचित उघडे आणि शेपटीबरोबर कंबरही हलत असेल, तर त्याला केवळ लक्ष हवे असते. याउलट अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेले, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतो आणि उंच धरलेली शेपटी आखडून हलते, तेव्हा कोणीही हात पुढे करू नये. पाहुण्याला स्तब्ध उभे राहायला सांगून कुत्र्याला लांबूनच हाक मारावी. गुरगुरल्याबद्दल त्याला कधीही मारू नये, कारण मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावू शकतो. शांत कुत्रा अचानक असा वागू लागला, तर दुखणे तपासण्यासाठी पशुवैद्याकडे न्यावे.

नुसत्या आगाऊपणाचे मूळ मात्र आपल्याच हातांत असते. आमच्या कुत्र्याचा पंजा आम्ही तीनदा ढकलायचो आणि चौथ्यांदा घरातले वडीलधारे पेढ्याचा तुकडा टाकायचे. चौथा पंजा फळतो, एवढे तो चोख शिकला. (गोड पदार्थ त्याच्या प्रकृतीलाही बरे नव्हेत.) ढकलणे त्याला खेळ वाटतो आणि ओरडणेही लक्षच ठरते. म्हणून हात बांधून, न बोलता पाठ फिरवावी आणि चारही पाय जमिनीवर टेकताच हलक्या आवाजात शाबासकी द्यावी. सुरुवातीचे काही दिवस उड्या वाढतात. नेमके तेव्हाच एखाद्याने हार मानली, तर जास्त जोर लावावा लागतो हे तो शिकतो.

शिवाय त्याला दुसरे काम द्यावे. पाहुणे नसताना सोप्याच्या (घराच्या पुढच्या खोलीच्या) कोपऱ्यात गोणपाट अंथरावे, त्यावर बसताच भाकरीचा तुकडा द्यावा, मग घरच्याच कोणाला कडी वाजवायला सांगून सराव घ्यावा. खरा पाहुणा येईल तेव्हा पहिले काही दिवस गळ्यात दोरी असू द्यावी, म्हणजे झेप पाहुण्यापर्यंत पोहोचत नाही.