"काका, कंट्रोल दाबून धरा": आउटलूक सेफ मोडमध्ये उघडायचं कसं आणि पुढं करायचं काय

मार्च महिना, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात, आणि सकाळी साडेनऊला फोन. "ताई, मेल उघडंना झालाय." पलीकडे एका अडत दुकानाचे दिवाणजी. साठी ओलांडलेली, टॅली बोटांवर नाचवणारा माणूस, पण आउटलूक, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेलचा प्रोग्रॅम, अडलं की आवाजच बदलतो. काय दिसतंय म्हणून विचारलं. "निळी पाटी आलीय. 'लोडिंग प्रोफाइल' म्हणतीय. ठिपके पळतायत. चहा पिऊन झाला तरी नुसते पळतायत."

गेली अठरा वर्षं मी या भागातल्या दुकानांचे, दवाखान्यांचे आणि सीएंच्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळते. त्यातलं निम्मं काम फोनवरच होतं. समोरच्याच्या हातात माऊस, माझ्या हातात फोडणीची पळी. म्हणून खालचं सगळं मी फोनवर जसं सांगते तसंच लिहिलंय.

एक आधी सांगते. फोन ठेवायच्या आत लोक दोन उद्योग करून मोकळे होतात. एक, ऑफिस काढून परत टाकतात. दुसरा फार वाईट, कुणाचा तरी भाचा येतो आणि "मेलची फाइल खराब झालीय" म्हणून ती डिलीट करतो. सेफ मोडमध्ये उघडून बघेपर्यंत काहीही काढू नका, काहीही पुसू नका. दहा मिनिटांचं काम आहे.

सेफ मोड म्हणजे काय ते थोडक्यात. आउटलूक कधी एकटं उठत नाही. त्याच्या घरात पोटभाडेकरू राहतात, त्यांना ॲड-इन म्हणतात. अँटिव्हायरस टाकला की त्याचा एक येतो. पीडीएफ बनवायचा प्रोग्रॅम टाकला की त्याचा एक. ऑनलाइन मीटिंगचा एक, स्कॅनरच्या सीडीबरोबर आलेला एक. तुम्ही कुणालाच बोलावलेलं नसतं, 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करताना ते आत शिरलेले असतात. आउटलूक उघडताना हे सगळे एकेक करून उठतात आणि त्यातला एक जरी अंथरुणात लोळत राहिला तरी घरमालक दारातच खोळंबतो. सेफ मोडमध्ये या भाडेकरूंना उठवलंच जात नाही, तुम्ही केलेली बटणांची वेगळी मांडणीही बाजूला राहते. मालक एकटाच उठतो. तुमचे मेल, फोल्डर, पत्ते यांना धक्का लागत नाही.

म्हणजे सेफ मोड काही दुरुस्त करत नाही. मालक आजारी की भाडेकरू, एवढंच कळतं. पण तेवढं कळलं की निम्मी धावपळ वाचते.

आता करायला घेऊ. पहिलं काम, मागे अडकून पडलेलं आउटलूक बंद करायचं. खिडकी दिसत नसली तरी ते आत चालू असतं, आणि ते चालू असेपर्यंत सेफ मोड काही लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यादीत आउटलूक शोधा, वर नसलं तर खाली बॅकग्राउंड प्रोसेसेसमध्ये बघा. त्यावर क्लिक करून 'एंड टास्क'. पण मोठ्या मेलबॉक्सचं आउटलूक बंद होताना खरंच वेळ घेतं, मध्येच मान मुरगाळली तर पुढच्या वेळी 'फाइल नीट बंद झाली नव्हती' म्हणत तपासत बसतं. म्हणून दोन-चार मिनिटं वाट बघून मगच मारा.

मग सोपा रस्ता. कीबोर्डवरचं कंट्रोल बटण दाबून धरा आणि डेस्कटॉपवरच्या आउटलूकच्या चित्रावर डबल क्लिक करा. कंट्रोल सोडायचं नाही. इथंच सगळे चुकतात. डबल क्लिक झाला की बोट आपोआप सुटतं. दिवाणजींचंही पहिल्या दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "काका, डाव्या हातानं कंट्रोल दाबून धरा आणि मी सोडा म्हणेपर्यंत सोडू नका, तराजूचं पारडं धरल्यासारखं." मग आली एकदाची चौकट: तुम्ही कंट्रोल दाबून धरलंय, सेफ मोडमध्ये सुरू करायचं का? 'येस' म्हणा, आता बोट काढा.

ही चौकट आलीच नाही तर दुसरा रस्ता. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. कोपऱ्यात 'रन'ची छोटी पट्टी येते. तिच्यात इंग्रजी अक्षरांत लिहायचं: आउटलूक, टिंब, ई, एक्स, ई. मग एक मोकळी जागा. मग तिरकी रेघ. मग सेफ. एंटर. मोकळी जागा सोडली नाही तर विंडोज म्हणतं अशी फाइलच नाही, आणि लोक घाबरून म्हणतात आउटलूक उडालं. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, एंटरच्या वर असते ती नव्हे. फोनवर 'स्लॅश' म्हटलं की बरेच जण नेमकी उलटी रेघ मारतात, म्हणून मी आता प्रश्नचिन्हच सांगते.

यानंतर प्रोफाइल, म्हणजे तुमच्या मेलखात्यांची साठवलेली मांडणी, निवडायची एक चौकट येते. तिथं काही बदलू नका, ओके म्हणा. आउटलूक उघडलं की सगळ्यात वरच्या पट्टीत नावाशेजारी कंसात 'सेफ मोड' लिहिलेलं दिसायला हवं. मी ते मोठ्यानं वाचायला लावते. दिसत नसेल तर तुम्ही साध्याच मोडमध्ये आहात आणि पुढचा सगळा निष्कर्ष चुकणार.

आता बघा. सेफ मोडमध्ये झटकन उघडलं, मेल येतायत-जातायत, तर समजा भाडेकरूंतलाच कुणीतरी आहे. दिवाणजींचं अर्ध्या मिनिटात उघडलं. "झालं की ताई! ठेवू फोन?" नाही काका. खरं काम आता आहे.

फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स. पान उघडलं की अगदी तळाशी 'मॅनेज' लिहिलेलं असतं, शेजारी 'कॉम ॲड-इन्स' निवडलेलं असतं, पुढं 'गो' बटण. ते दाबलं की भाडेकरूंची यादी येते, प्रत्येकापुढं टिक करायचा चौकोन. सगळ्यात आधी मोबाइलनं या यादीचा फोटो काढा. कुठं टिक होती हे तासाभरानं कुणालाही आठवत नाही. मग सगळ्या टिका काढा, ओके, आउटलूक बंद करा आणि नेहमीसारखं साधं उघडा.

उघडलं? आता एकेक टिक परत लावत बसू नका. दिवाणजींकडे सात ॲड-इन होते. मी तीन लावायला सांगितले, आउटलूक बंद करून उघडायला लावलं. अडकलं. म्हणजे चोर या तिघांत. त्यातला एकच ठेवून बघितलं, उघडलं. दुसरा लावला, उघडलं. तिसरा लावल्यावर पुन्हा ठिपके पळायला लागले. जुन्या स्कॅनरबरोबर आलेला, कागद थेट मेलला जोडून देणारा तो ॲड-इन. स्कॅनर बिचारा दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता, भाडेकरू मात्र खोली अडवून बसला होता.

टिक काढताना कधी कधी आउटलूक नकार देतं, 'लोकल मशीन'मध्ये नोंदलेलं आहे, बदलता येणार नाही, असं काहीतरी लांबलचक म्हणतं. घाबरू नका. आउटलूक बंद करा, स्टार्टमध्ये त्याच्या नावावर उजवा क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नं उघडा, टिक निघेल. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तुम्हाला तो हक्क नसेल तर तिथल्या आयटीवाल्याला सांगा, झटापट करू नका.

आउटलूक स्वतःही भाडेकरूंवर डोळा ठेवून असतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. २०१३ च्या आवृत्तीपासून ते प्रत्येक ॲड-इनला उठायला किती वेळ लागतो ते मोजतं. सलग पाच वेळच्या मोजणीत मधला आकडा १००० मिलिसेकंदांच्या, म्हणजे एका सेकंदाच्या वर गेला, तर ते ॲड-इन स्वतःहून बंद करतं आणि तसं कळवतं. फाइल, इन्फोमध्ये 'स्लो अँड डिसेबल्ड' नावाखाली ही यादी सापडते. मग दिवाणजींचा स्कॅनरवाला सुटला कसा? दुकानातल्या नव्या पोरानं ती सूचना आल्यावर 'कायम चालू ठेवा' दाबलं होतं. पोराचं तरी काय चुकलं? पिवळी पट्टी आली की जे बटण दिसेल ते दाबायचं, हेच सगळे करतात.

सेफ मोडमध्येही उघडलं नाही तर? मग मालकालाच काहीतरी झालंय. माझा क्रम असा. खिडकीच उघडता येत नाही असा निरोप येत असेल तर बऱ्याचदा डाव्या बाजूची फोल्डरांची पट्टी बिघडलेली असते. 'रन'मध्ये पहिल्यासारखंच लिहायचं, फक्त 'सेफ'च्या जागी 'रीसेटनॅवपेन', सगळं जोडून. डाव्या पट्टीतले तुमचे फेव्हरिट जातील, मेल जाणार नाहीत. तेवढ्यानं भागलं नाही तर कंट्रोल पॅनलमधल्या 'मेल'मध्ये जाऊन नवं प्रोफाइल करून बघायचं. जुनं पुसायचं नाही, शेजारी राहू द्यायचं.

तरीही नाही, तर डेटा फाइलचा, म्हणजे तुमचे मेल साठवणाऱ्या पीएसटी फाइलचा, आकार बघा. आउटलूक २००२ पर्यंतच्या जुन्या साच्यातल्या पीएसटी फाइलला २ जीबीची मर्यादा होती, २००३ आणि २००७ मध्ये ती २० जीबी झाली आणि २०१० पासून मुळातच ५० जीबी धरलेली असते. पंधरा वर्षांचे सौदे, पावत्या आणि लग्नपत्रिका एकाच फाइलमध्ये कोंबणारे लोक मी बघितलेत. फाइल दुरुस्त करायला ऑफिसच्याच फोल्डरमध्ये 'स्कॅनपीएसटी' नावाचं हत्यार असतं. आउटलूक बंद करून चालवायचं, आणि त्याआधी त्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर नाहीतर दुसऱ्या डिस्कवर काढायचीच. तो स्वतः बॅकअप घेऊ का विचारतो, तरीही वेगळी प्रत काढा. एका तपासणीत चुका निघाल्या तर त्या निघायच्या थांबेपर्यंत पुन्हा चालवा.

हे सगळं जुन्या, ज्याला आता 'क्लासिक' म्हणतात, त्या आउटलूकचं. उजव्या कोपऱ्यातलं 'न्यू आउटलूक' बटण सरकवून नव्यात गेला असाल तर तिथं कॉम ॲड-इन चालतच नाहीत, त्यामुळं ही भाडेकरूंची यादी आणि 'गो' बटण शोधत बसू नका. तिथं अडलं तर तेच खातं ब्राउझरमध्ये उघडून बघा. तिथं चालत असेल तर खातं ठणठणीत आहे.

थंडरबर्ड हा दुसरा मेलचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी पटकन. तिथं सेफ मोडला आता 'ट्रबलशूट मोड' म्हणतात, हेल्पच्या मेनूत सापडतो. उघडतच नसेल तर विंडोजवर शिफ्ट धरून चित्रावर डबल क्लिक करायचा. तिथं येणाऱ्या चौकटीत ॲड-ऑन, म्हणजे तिथले भाडेकरू, कायमचे बंद करायच्या टिका असतात, त्या बघितल्याशिवाय लावू नका. आधी नुसतं 'कंटिन्यू' म्हणून आत जा. आणि एखाद्याच फोल्डरमधले मेल दिसेनासे झाले असतील तर सेफ मोडचं कामच नाही. त्या फोल्डरवर उजवा क्लिक, प्रॉपर्टीज, 'रिपेअर फोल्डर'.

सेफ मोडमध्ये कायमचं राहायचं नाही, हे मात्र बजावून सांगते. एका दवाखान्यात रिसेप्शनवरच्या मुलीनं डेस्कटॉपवर सेफ मोडचा शॉर्टकट करून ठेवला होता, 'मेल चांगला' असं नाव देऊन. सहा महिने ती त्यातच काम करत होती. चालत तर होतं. पण अँटिव्हायरसचा मेल तपासणारा भाडेकरूही सहा महिने झोपलेलाच होता, आणि टाइप करताना आपोआप दुरुस्त होणारे शब्द होईनात म्हणून ती कीबोर्डला शिव्या देत होती. शॉर्टकट काढला, चोर शोधला, वीस मिनिटांत नेहमीचं आउटलूक चालू झालं.

दिवाणजींचं म्हणाल तर स्कॅनरचा प्रोग्रॅम काढून टाका असं मी त्याच दिवशी सांगितलं होतं. मालकांना विचारून काढतो म्हणाले. मालकांना सौद्यातून सवड कुठली? तीन आठवड्यांनी त्या प्रोग्रॅमनं स्वतःला अपडेट करून घेतलं आणि टिक परत लागली. यावेळी मला फोन आला नाही. परवा बिलाचे पैसे आणायला गेले तेव्हा गल्ल्याच्या काचेखाली हळदीच्या पट्टीच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांचं टपोरं अक्षर दिसलं: "स्कॅनरवाला परत आल्यास कंट्रोल धरणे, वर पाटी वाचणे, टिक काढणे. ताईंना फोन नको."