बारा मोटेची विहीर आभासी जगात बांधण्याआधी

आठवीच्या मुलांकडून साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर संगणकावरच्या ठोकळ्यांच्या आभासी जगात बांधून घ्यायची असेल, तर तयारी लॅबमध्ये सुरू करू नका. आधी टेप, पॅड आणि आलेख वह्या घेऊन लिंबला जा. साताऱ्याहून सकाळी निघालात तर दुपारच्या आत परत येता येतं. काठावर एक आणि पायऱ्यांवर एक असे दोन शिक्षक तरी हवेतच. मोटेच्या जागा मुलांनाच मोजू द्या. आकडा नावाशी जुळतो का, यावर तिथंच वाद होऊ द्या. दारावरची शिल्पं, मधला महाल यांचे फोटो घ्या.

मग आलेख वही. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली ही विहीर ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची सांगितली जाते. एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरला, तर खोली साडेतेहतीस येते आणि रुंदी पंधरा. पूर्ण ठोकळेच वापरायचे, तेव्हा तेहतीस की चौतीस हे वर्गानं ठरवावं. विहिरीचा अष्टकोनही ठोकळ्यांत सरळ बसत नाही: सरळ बाजूला सात ठोकळे आणि तिरक्या बाजूला एकेक ठोकळा सरकवत चार टप्पे घेतले की पंधरात जुळतो. हे उत्तर मुलांना आधी सांगू नका, माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातला सगळ्यात चांगला तास हाच.

जग कुठलं घ्यायचं? शाळेच्या मशीनवर राहणारं. गूगल एक्सपिडिशन्स ही गूगलची आभासी सहलींची सेवा २०२१ मध्ये बंद झाली, मोझिला हब्स ही मोझिलाची आभासी खोल्यांची सेवा २०२४ मध्ये. मुलांचं काम असं परक्या सर्व्हरच्या भरवशावर ठेवू नये. लुआंटी हे ठोकळ्यांची जगं चालवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे (२०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं), जुन्या संगणकावर चालतं आणि लॅनवर, म्हणजे लॅबमधले संगणक एकमेकांना जोडून, इंटरनेटशिवाय खेळता येतं. मात्र त्यातला गेम वेगळा उतरवावा लागतो, तो नेट असताना आदल्या दिवशीच उतरवा. सगळ्या संगणकांवर एकच आवृत्ती असू द्या. सपाट जमीन निवडा आणि गुहा बंद करा, नाहीतर खणता खणता भलतंच भुयार लागतं. क्रिएटिव्ह मोड (हवे तितके ठोकळे मिळतात तो) चालू, खेळाडूला होणारी इजा बंद. सर्व्हरच्या संगणकावर, म्हणजे ज्यावर जग चालतं आणि बाकीचे ज्याला जोडतात त्यावर, फायरवॉलमध्ये (बाहेरची जोडणी अडवणाऱ्या सेटिंगमध्ये) ३०००० क्रमांकाचं यूडीपी पोर्ट उघडा. जोडणी होत नसेल तर बहुतेक वेळा अडचण तिथंच असते.

माउस प्रत्येकाला हवाच, टचपॅडवर बांधकाम होत नाही. एका संगणकावर दोघं: एक माउसवर, दुसरा आलेख वही घेऊन, पंधरा मिनिटांनी अदलाबदल. खेळाडूचं नाव म्हणून हजेरी क्रमांक. पडदा बघून कुणाला गरगरलं, तर त्याला वहीवर बसवा, जबरदस्ती नको. पाणी सगळ्यात शेवटी, तेही तुमच्याच हातून.

तास संपायला दहा मिनिटं उरली की सर्व्हर नीट बंद करा, मग जगाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून सर्व्हरचा संगणक इन्व्हर्टरवर असलेला बरा.