वादळात लाईट गेली की काय करायचं आणि काय अजिबात नाही

वारा सुटला की आपण पत्रे, कुंड्या, खिडक्या बघतो आणि ते बरोबरच आहे, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. पण माणसं दगावतात ती बरेचदा वारा थांबल्यावर, अंधारात, म्हणून पुढचं नीट वाचा.

आधी तार. तुटलेली तार दरवेळी ठिणग्या उडवत नाही हो, डबक्यात काळ्या दोरीसारखी गप्प पडलेली असते आणि तरी तिच्यात करंट असू शकतो. निदान 10 मीटर लांब राहा, काठीनेही ढकलू नका. अगदी जवळच पडली तर ढांगा टाकत पळायचं नाही, करंट जमिनीतून पसरतो आणि दोन पायांत जेवढं अंतर जास्त तेवढा झटका मोठा, म्हणून पाय जोडून, न उचलता, घासत घासत मागे सरकायचं. गाडीवर पडली तर आतच बसा आणि फोन करा.

मग जनरेटर. घरात नाही, गॅलरीत नाही, बंद पार्किंगमध्ये तर नाहीच, दार-खिडक्यांपासून निदान 6 मीटर लांब. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. आणि जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटला लावून अख्खं घर चालू करतात ना, ते हात जोडून सांगते, करू नका. तो करंट उलटा ट्रान्सफॉर्मरमध्ये जाऊन हजारो व्होल्टचा होतो आणि तिकडे लाईन बंद आहे समजून पोलवर कुणीतरी चढलेलं असतं.

फ्रिज सारखा उघडू नका, बंद राहिला तर 4 तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीजर 48 तास. आसपास कुणी ऑक्सिजनच्या मशीनवर असेल तर आधी त्यांच्याकडे जा, बाकी सगळं नंतर.

दुरुस्ती साधारण मोठ्या लाईन, सबस्टेशन, फिडर (म्हणजे सबस्टेशनमधून एकेका भागाला वीज नेणारी लाईन), मग गल्ली अशी होते, एकट्या घराची वायर शेवटी. त्यामुळे शेजारी लाईट आली आणि तुमच्याकडे नाही तर वाट बघत बसू नका, आधी एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा घरातला स्विच) बघा, तो ठीक असेल तर बहुतेक तुमच्याच वायरचा फॉल्ट आहे, परत तक्रार नोंदवा. तोवर टीव्ही-फ्रिजचे प्लग काढून ठेवा, एक बल्ब तेवढा चालू राहू दे, तो पेटून स्थिर राहिला की मग एकेक वस्तू लावा.