त्रिनिदादला बिऱ्हाड हलवताना

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या नोकरीची ऑफर हातात आली की बहुतेक घरांत आधी पगाराचा हिशेब सुरू होतो. नवरा तिथल्या पॉइंट लिसास या औद्योगिक वसाहतीतल्या अमोनिया प्लांटमध्ये रुजू झाला तेव्हा आम्ही दोन मुलांना घेऊन ठाण्याहून तिकडे गेलो. त्या अनुभवावरून माझं ठाम मत झालंय, की हा निर्णय ज्याला तिथे नोकरी नाही त्याच्या बाजूने आधी तपासायला हवा. नोकरी करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ऑफिस, सहकारी, ठरलेली वेळ असं सगळं मिळतं. बाकीच्यांचा दिवस मात्र त्यांचा त्यांनाच उभा करावा लागतो.

वर्क परमिटपासूनच बघा. 30 दिवसांपेक्षा जास्त काम करायचं तर परदेशी माणसाला परमिट लागतं आणि ते कंपनी काढून देते. पण ते फक्त त्या एका माणसाचं असतं. नवऱ्याच्या परमिटवर बायकोला किंवा बायकोच्या परमिटवर नवऱ्याला नोकरी करता येत नाही. त्यासाठी दुसरी कंपनी आणि दुसरा अर्ज लागतो. डॉक्टर, नर्स असाल तर तिथली नोंदणी वेगळी. मी शाळेतली नोकरी सोडून जाणार होते, त्यामुळे निघण्यापूर्वीच दूरस्थ एम. ए.ला नाव घातलं होतं. भारत तिथल्या वेळेच्या साडेनऊ तास पुढे आहे, म्हणजे आपल्याकडची संध्याकाळची ऑनलाइन व्याख्यानं तिथे सकाळी, मुलं शाळेत गेल्यावर ऐकता येतात. तुम्ही दुसरं काहीही निवडा, पण विमानात बसण्यापूर्वी निवडा.

शाळेचा विषय सगळ्यात नाजूक. तिथे प्राथमिक शाळेत आधी इन्फंट 1 आणि 2, मग स्टँडर्ड 1 ते 5, आणि त्यानंतर एसईए नावाची परीक्षा. साधारण अकरा-बारा वर्षांच्या मुलांना कोणती माध्यमिक शाळा मिळणार, ते या एका परीक्षेवर ठरतं. नावाजलेल्या शाळांसाठी इतकी चुरस असते, की स्टँडर्ड 4 पासूनच मुलं खासगी शिकवण्यांना जुंपलेली दिसतात. पुढे फॉर्म 5 ला, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पाचव्या वर्षी, सीएसईसी आणि त्यानंतर दोन वर्षांनी केप, या परीक्षा साऱ्या इंग्रजीभाषक कॅरिबियनसाठी एकच मंडळ घेतं. तुमचं मूल नऊ-दहा वर्षांचं असेल तर ते थेट या शर्यतीच्या तोंडाशी जाऊन उभं राहणार, हे लक्षात घ्या. आमची मुलं त्याहून लहान होती म्हणून आम्ही निर्धास्तपणे स्थानिक प्रेस्बिटेरियन शाळा निवडली. शिस्त चांगली, गणित पक्कं, आणि मुलांना परिसरातले मित्र मिळाले. मोठं मूल असेल किंवा दोन-तीन वर्षांत परतायचं असेल तर अमेरिकी किंवा कॅनडाच्या अभ्यासक्रमाची आंतरराष्ट्रीय शाळा सोयीची, पण तिची फी जबरदस्त असते. ती कंपनीने द्यावी, असं करारातच लिहून घ्या. परदेशी मुलांना स्टुडंट परमिट काढावं लागतं आणि लसीकरणाचं कार्ड तर सगळीकडे मागतात.

घर शोधताना हाच शाळेचा प्रश्न पुन्हा आडवा येतो. आंतरराष्ट्रीय शाळा पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेला, वेस्टमूरिंग्जच्या बाजूला आहेत. पॉइंट लिसास मात्र देशाच्या मध्यावर, कूव्हाजवळ. सकाळी राजधानीकडे जाणाऱ्या हायवेवर गाड्यांची रांगच लागलेली असते. आम्ही सान फर्नांडोच्या बाजूला राहिलो. नवरा वेळेवर घरी यायचा आणि शाळा जवळ होती, म्हणून मला ते फार मोलाचं वाटलं. घर पाहताना छतावर किंवा अंगणात पाण्याची टाकी आहे का, हे आवर्जून बघा, कारण नळाला रोज पाणी येईलच असं नाही. खिडक्यांना लोखंडी जाळी हवीच.

सुरक्षिततेबद्दल गोड बोलून उपयोग नाही. जेमतेम 14 लाख वस्तीच्या या देशात 2024 मध्ये 600 हून जास्त खून झाले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने आणीबाणी जाहीर केली. 2025 च्या जुलैत ती पुन्हा लागली. यातली बरीच हिंसा टोळ्यांची आणि ठरावीक वस्त्यांतली असते, तरी परदेशी कुटुंबाने रात्रीचं फिरणं, एकटीने गाडी चालवणं, दागिने घालणं या सवयी बदलायलाच हव्यात. मी मंगळसूत्र घरी ठेवून बाहेर पडायचे. सासूबाईंना फोनवर कारण सांगितलं, त्यांनी लगेच मान्य केलं. घरातल्या मोठ्यांशी हे जाण्याआधीच बोलून घ्या.

पैशाचं एक सांगते. एका अमेरिकी डॉलरला पावणेसातच्या आसपास टीटी डॉलर (तिथलं चलन) मिळतात, पण बँकेत अमेरिकी डॉलर मागायला गेलात तर हवे तेवढे मिळत नाहीत. परकीय चलनाची टंचाई तिथे कित्येक वर्षांची आहे. भारतात घराचे हप्ते चालू असतील तर पगाराचा काही भाग अमेरिकी डॉलरमध्ये, देशाबाहेरच्या खात्यात मिळावा, असं आधीच ठरवा. नंतर हे जमवणं फार कठीण.

प्रवासाच्या कागदांत पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचं प्रमाणपत्र विसरू नका. त्रिनिदादहून भारतात येणाऱ्याकडे ते नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि मग आयुष्यभर चालतं. मुंबईत अधिकृत केंद्रं आहेत, मुलांसकट तिथूनच घेऊन जा. थेट विमान नाही, आणि अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

घरातून मिक्सर नेऊ नका, तिथे वीज 115 व्होल्टची. 110 व्होल्टवर चालणारा मिळतो, तो घ्या. प्रेशर कुकर, गोडा मसाला आणि भाजणी मात्र न्या. बाकी स्वयंपाकघराची काळजी करू नका. बाजारात अळू मिळतं, त्याला डशीन म्हणतात. त्याच्या पानांना डाळीचं पीठ लावून तळलेला सहीना खाल्ला तेव्हा आमची धाकटी अळूवडी म्हणून आनंदाने ओरडली होती. कोरड्या ऋतूत हिरव्या तुरीचे दाणे येतात, कढीपत्ता लोकांच्या अंगणात असतो. कोथिंबिरीच्या जागी शॅडो बेनी नावाची तिथली पालेभाजी वापरायची, वास जास्त उग्र.

पण या ओळखीच्या खुणांवरून तिथल्या भारतीयांना आपल्यासारखंच समजू नका. 30 मे 1845 ला गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचं, पहिलं जहाज तिथे लागलं, आणि 1917 पर्यंत येत राहिलेली माणसं मुख्यतः उत्तर प्रदेश-बिहारची. त्यांची पणतवंडं आज इंग्रजी बोलतात, दिवाळीला सुट्टी घेतात, फगवा म्हणजे होळी खेळतात आणि कार्निव्हललाही रस्त्यावर असतात. त्यांना हिंदी येत नाही म्हणून नवल करू नका, आणि जात तर विचारूच नका. दुकानात किंवा मॅक्सी टॅक्सीत (प्रवाशांची छोटी बस) शिरताना आधी सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं. अंधार पडल्यावर भेटतानाही गुड नाइटच म्हणतात. हे न करणारा माणूस त्यांना उद्धट वाटतो. शेजारची आजी, तिला ते आजीच म्हणतात, मुलांच्या तोंडून हे अभिवादन ऐकल्यापासून आम्हाला डालपुरी पाठवू लागली. मराठी घरं अगदी मोजकी, त्यामुळे मैत्री स्थानिकांशीच करावी लागते, आणि ती छान होते. कारापिचायमाच्या दत्त मंदिरात, जिथे 85 फुटी हनुमानाची मूर्ती आहे, आम्हाला कुणी परकं मानलं नाही. जुन्या माणसांशी बोलायला गावसकरांचं नाव पुरतं. 1971 मध्ये त्यांनी कसोटी पदार्पण केलं ते पोर्ट ऑफ स्पेनलाच, आणि वाडेकरांच्या संघाने तो सामना जिंकला.

करारावर सही करण्यापूर्वी नोकरी संपण्याबद्दलचं कलम नीट वाचा. पॉइंट लिसासचा पोलाद कारखाना 2016 मध्ये बंद झाला, पॉइंट-आ-पिएरची सरकारी रिफायनरी 2018 मध्ये. गॅस कमी पडतो म्हणून इतर प्लांटही अधूनमधून थांबतात. परमिट कंपनीशी बांधलेलं असल्यामुळे नोकरी गेली की राहण्याचाही प्रश्न येतो. किती महिन्यांची नोटीस, सगळ्या कुटुंबाची परतीची तिकिटं, सामान हलवण्याचा खर्च आणि चालू सत्राची शाळेची फी, एवढं लेखी घ्या. एचआरने फोनवर हो म्हटलं असेल तर तेच ई-मेलवर पाठवायला सांगा.